यंदा कोनत्या ब्रँचले भाव हाय?

मृग लागला की आमच्या तालुक्याच्या गावी दोन रांगा लागतात, एक कृषी केंद्रासमोर आणि दुसरी सेतू केंद्रासमोर. पहिलीत बियाण्याच्या पिशव्या, दुसरीत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाइल. दोन्ही रांगांत बरीचशी माणसं तीच असतात आणि दोन्हीकडे जाणारा पैसाही एकाच घरचा असतो. यवतमाळ जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. तरी जून आला की पोरांना घेऊन बाप माझ्या ओसरीवर येतातच. गेल्या जूनमध्ये असाच एक आला. चार एकर कोरडवाहू, पोरगा बारावी सायन्स झालेला. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्याने विचारलं, "सर, यंदा कोनत्या ब्रँचले भाव हाय?"

सोयाबीनचा भाव विचारावा तितक्या सहज त्याने हे विचारलं. मी हसलो, पण हसू टिकलं नाही. त्याच आठवड्यात मंगल कार्यालयात करिअर मार्गदर्शनाचं शिबिर झालं होतं आणि तिथल्या शिकल्यासवरल्या वक्त्यांचा प्रश्नही याहून वेगळा नव्हता. एका पाहुण्याने पडद्यावर पॅकेजचे आकडे दाखवले आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी उतरंड लावून दिली. दुसऱ्याने माइक हाती घेऊन सांगितलं की मनाचा कौल घ्या, आवडीचं शिका, पैसा मागून येतो. पुढे पंधरा दिवस चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत याच दोन बाजूंनी वाद चालू होता. पोट भरणारं शिकायचं की मन भरणारं?

माझ्या मते दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडत आहेत. नोकरीकडे पाहून विषय निवडण्यात काहीही कमीपणा नाही. आमच्या भागातल्या पोराने तेच करावं. पण नोकरीकडे पाहणं वेगळं आणि आजचा भाव पाहणं वेगळं. आज भाव असलेली ब्रँच चार वर्षांनी काय देईल, हे आजच्या भावावरून कळत नाही. कळू शकतात त्या गोष्टी निराळ्या आहेत: विषयाचा पाया किती खोल आहे, तो त्या विशिष्ट कॉलेजात प्रत्यक्ष शिकवतं कोण, आणि त्याच्या जोडीला आणखी काय घेता येतं. या तिन्हीची चौकशी करताना मला कोणी दिसत नाही.

आधी पॅकेजवाल्यांचं जे खरं आहे ते कबूल करतो, कारण ते बरंच आहे. ज्या घरात एक पावसाचा खंड पडला की वर्षाचं गणित कोलमडतं, त्या घरातल्या पहिल्या पदवीधराला "पैसा मागून येतो" असं सांगणं ही क्रूर चेष्टा आहे. मागून येणाऱ्या पैशाची वाट पाहायला आधी कुणीतरी घर चालवावं लागतं. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराच्या पोराचा एक निर्णय चुकला तर त्याची दोन वर्षं जातात. इथे चुकला तर शेत गहाण पडतं, धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबतं. विषयाविषयांच्या कमाईत फरक असतो हेही खरं, तो नाकारणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा त्याची पेन्शन सुरू असते (माझी आहे, म्हणून जपून बोलतो). शिवाय संगणकाने आमच्याकडची कितीतरी घरं वर काढली. ज्या घरावर टिनं होती तिथे स्लॅब पडला, तो हिंजवडीच्या पगारावर. हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

आवडवाल्यांबद्दल मात्र मला थोडक्यात आटपायचं आहे. सतरा वर्षांच्या ज्या पोराने आयुष्यात भूगर्भशास्त्रज्ञ पाहिला नाही, संख्याशास्त्रज्ञ म्हणजे काय हे ऐकलं नाही, त्याची आवड कशातून घडणार? त्याने पाहिलेली शिकलेली माणसं म्हणजे मास्तर, डॉक्टर, तलाठी, ठाणेदार आणि मोबाईलवरचे चेहरे. आवड ही बरीचशी ओळखीतून लागते, आणि चांगल्या शिकवणाऱ्याच्या हाताखाली दोन वर्षं घासल्यावर लागते. ती आधीच मनात तयार असते आणि फक्त ऐकायची असते, ही कल्पना ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांची आहे.

आता भावाकडे येऊ. तूर आठवते का? 2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. पुढच्या खरिपात ज्याला त्याला तूर दिसू लागली. पाऊसही बरा झाला. 2017 उजाडलं तेव्हा 5,050 रुपये हमीभाव असताना बाजारात तूर त्याच्या कितीतरी खाली गेली, खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, आणि एप्रिलमध्ये रांगेत माणसं उभी असताना खरेदी बंद झाली. यात शेतकऱ्याने मूर्खपणा काय केला? काहीच नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाच केला. पण तो सगळ्यांनी एकाच वेळी केला, आणि पेरताना पाहिलेला भाव व विकतानाचा भाव यांत एक अख्खा हंगाम होता. तुरीला सहा-सात महिने लागतात. इंजिनिअरला चार वर्षं लागतात.

अर्थशास्त्रात हे जुनं आहे. 1920 च्या दशकात जर्मनीत डुकरांच्या भावाचं असंच चक्र एका संशोधकाने मांडलं. भाव चढला की सगळे डुकरं पाळतात, ती बाजारात येईतो भाव पडतो, मग सगळे सोडून देतात आणि पुन्हा टंचाई होते. 1970 च्या दशकात रिचर्ड फ्रीमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने नव्या इंजिनिअरांच्या पगारांतही हेच चक्र दाखवलं. आज पगार चांगला म्हणून गर्दी, चार-पाच वर्षांनी त्याच गर्दीमुळे पगार खाली. आलेखावर ते कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं, म्हणून त्याला नावही तेच पडलं. पण आम्हाला त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही, आमच्या गल्लीत डी.एड. आहे, म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका.

नव्या पिढीला सांगावं लागेल, पण 2005 च्या आसपास विदर्भात डी.एड.चा भाव आजच्या कुठल्याही ब्रँचपेक्षा वर होता. बारावीला चांगले मार्क असलेली पोरं इंजिनिअरिंग सोडून डी.एड. घ्यायची. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तुटपुंजं मानधन, पण नंतर कायम नोकरी, घराजवळची जिल्हा परिषद शाळा, मे महिन्याची सुट्टी. डी.एड. झालेल्या मुलीला स्थळं चालून येत. मागणी पाहून तालुक्यातालुक्यात विनाअनुदानित डी.एड. विद्यालयं उघडली, काही तर दोन खोल्यांच्या भाड्याच्या इमारतीत. मग 2010 ची भरती झाली, ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, हजेरीपटावरची कागदी पोरं उघडी पडली, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि 2012 मध्ये भरतीच बंद झाली. 2013 पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, नंतर अभियोग्यता चाचणी, नंतर भरतीचं पवित्र पोर्टल. वर्गातली सगळ्यात हुशार असलेली, मी स्वतः "डी.एड. कर, सेफ आहे" असं सांगितलेली पोरं आज कोणी किराणा चालवतं, कोणी इन्शुरन्स विकतं, कोणी बापाच्या शेतात आहे. त्यातला एक दर आठवडी बाजारात भेटतो. तो मला नमस्कार करतो, आणि त्या नमस्काराने मला ओशाळायला होतं. मीही त्या दिवशी भावच सांगितला होता.

डी.एड. गेलं, फार्मसी आली. 2019 मध्ये देशाच्या फार्मसी कौन्सिलनेच हात जोडले होते, पाच वर्षं नवी कॉलेजं नकोत असं ठरवलं होतं. ती बंदी कोर्टात टिकली नाही आणि पुन्हा पाट्या लागल्या. आज आमच्या रस्त्यावर मेडिकलच्या दुकानांपेक्षा बी.फार्म. झालेली पोरं जास्त दिसतात. पुढची पाटी कशाची लागणार हे ओळखायला ज्योतिषी नको, शिबिरातल्या त्या पडद्यावर ती लिहिलेलीच होती.

हा स्वभाव आजचा नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. युद्ध संपलं, भाव कोसळला. गंमत अशी की मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. व्यवस्था नेहमी अशीच उशिरा पोचते. मागणी असते तेव्हा रूळ नसतात, रूळ पडतात तेव्हा मागणी दुसरीकडे गेलेली असते. 1983 मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचं दार उघडलं. पण आमच्या आडवळणाच्या गावांत माळरानावर इमारती उभ्या राहिल्या त्या शेवटी शेवटी, आणि 2010 नंतर जागा ओस पडू लागल्या तेव्हा पहिली कुलुपं त्यांनाच लागली. आमच्याकडच्या एका कॉलेजच्या आवारात मी शेळ्या चरताना पाहिल्या आहेत. त्या कॉलेजने एके काळी माझ्या विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं फीसाठी दीड वर्ष अडवून ठेवली होती.

यावर पॅकेजवाल्यांचा जोरदार मुद्दा येतो: कॉम्प्युटरचं तसं नाही सर, ती तेजी तीस वर्षं टिकली. टिकली, मान्य. पण ती कुणाला फळली हे नीट बघा. पहिल्या लाटेत पुण्या-बंगलोरला गेलेले माझे विद्यार्थी आठवतो तेव्हा त्यांत मेकॅनिकलचे आहेत, सिव्हिलचे आहेत, इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत, एम.एस्सी. गणित झालेली एक मुलगी आहे. मोठ्या कंपन्या सगळ्या शाखांची पोरं घ्यायच्या आणि सहा-सहा महिने स्वतः शिकवायच्या. त्यांना हवं होतं ते तर्काने विचार करणारं डोकं आणि चार वाक्यं नीट बोलता येणारी जीभ. ब्रँचचं नाव दुय्यम होतं. उलट, नुसत्या नावावर विसंबलेल्यांचं काय होतं तेही दिसलं. 2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांकडची एकूण माणसं सुमारे 64 हजारांनी घटली. त्या वर्षी ज्याचं गणित पक्कं होतं तो पोरगा थोडा थांबून दुसरीकडे लागला. ज्याने चार वर्षं नोट्सच्या झेरॉक्सवर पेपर काढले होते, तो अजून "ओपनिंग हाय का" विचारत फिरतो. दोघांच्या मार्कशीटवर ब्रँच एकच होती.

आर्टिफिशियल इंटेलिजन्सबद्दलही हेच. त्या विषयाशी माझं भांडण नाही. पण तो उभा आहे रेषीय बीजगणितावर, संभाव्यतेवर, कलनावर. बारावीला मॅट्रिक्स घोकून पास झालेल्या पोराला, ज्याला ते शिकवणारा मास्तरही नुकताच त्याच कॉलेजातून बाहेर पडलेला आहे, त्याला पदवीवर ते नाव छापून मिळाल्याने काय येणार? पिशवीवर वाणाचं नाव छापलेलं असतं. उगवण जमीन आणि वाफसा ठरवतात, हे आमच्या शेतकऱ्याला का सांगावं लागावं?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ठीक आहे, पायाभूत विषय घ्या म्हणता, मग खेड्यातल्या कॉलेजात बी.ए., बी.एस्सी. करून काय होतं तेही सांगा. सांगतो. बहुतेकदा काही होत नाही. 2023 मध्ये तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. ती रांग आमच्याच पदवीधरांची आहे. पहाटे चारला रस्त्यावर धावणारी पोरं आणि रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत बसणारी पोरं, दोघंही बहुधा पदवीधर. पण यातून "बेसिक सायन्स वाया" असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. ते पोरगं बी.एस्सी. शिकलंच नाही, त्याचं फक्त नाव तिथे होतं. वर्षानुवर्षं प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस तीन कॉलेजांत फिरतोय आणि त्याचं मानधन कधी निघेल ते त्यालाही माहीत नाही, प्रयोगशाळेतला रसायनांचा फडताळ फक्त तपासणी समितीसाठी उघडतो. हे तसंच ठेवून त्याच पोराला इंजिनिअरिंगला घातलं, तर पाटी बदलेल आणि फी वाढेल. विषय निवडीचा सगळा भार सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टाकला की सरकारला आणि संस्थाचालकांना हा हिशेब द्यावाच लागत नाही. शिबिराचा मंडप एका संस्थेनेच घातला होता, हे जाता जाता नोंदवतो.

आणि मुलींची निवड? 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. फार चांगली गोष्ट, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण माझ्या ओसरीवर आलेल्या मुलींचा विषय फीपेक्षा एसटीने ठरतो. शेवटची गाडी साडेपाचला असेल तर पाचचं प्रॅक्टिकल असलेला विषय बाद. मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय घेतलं असं विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "घरून जे गाडी भेटते, त्या कॉलेजात जे होतं थे." आवड की भाव, या वादात तिला कुठे बसवायचं?

मग करायचं काय, हा प्रश्न टाळणार नाही. आमच्या जुन्या शेतकऱ्याला याचं उत्तर येत होतं. तो सलग कपाशी पेरत नसे. कपाशीच्या आठ-दहा ओळींमागे तुरीचं एक तास (म्हणजे एक ओळ) असायचं, कडेला थोडी ज्वारी. कापसाने दगा दिला तर घरात डाळ तरी येई. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं पोखरली, तेव्हा ज्याच्या रानात तास होतं त्याच्या हाती काहीतरी लागलं. नव्या शैक्षणिक धोरणाने आता मेजरसोबत मायनर, म्हणजे जोडविषय, आणलं आहे. आमच्या कॉलेजांत त्याचा अर्थ "वेळापत्रकात जे बसेल ते" असा झाला आहे, पण कल्पना आंतरपिकाचीच आहे. गणित मेजर आणि संगणक मायनर, रसायन आणि अन्नप्रक्रिया, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र अशा जोड्या लागल्या तर चार वर्षांनी वारा कुठूनही आला तरी पोरगं अगदीच उघड्यावर पडत नाही.

आणि पदवीच कशाला, हाही प्रश्न मांडीवर घ्यायला हवा. वणी आणि चंद्रपूरला कोळसा आहे, कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूर इथे वीज तयार होते, जिनिंग-प्रेसिंग गावोगाव आहेत, शेतांत सोलर पंप बसत आहेत. महावितरणला विद्युत सहाय्यक लागतो तो आयटीआय झालेला. खाणीत देखरेखीला ओव्हरमन लागतो. दवाखान्यांत नर्स लागतात. बारावीला पंचावन्न टक्के मिळालेल्या पोराला कर्ज काढून कुठल्याशा इंजिनिअरिंगला घालणारा बाप इलेक्ट्रिशियनचा ट्रेड का घेत नाही? कारण सोयरिकीत सांगायला "इंजिनिअर" बरं वाटतं. तोही भावच आहे, फक्त लग्नाच्या बाजारातला.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकऱ्याचा एक मुलगा, पंजाबराव देशमुख, विलायतेत गेला, बॅरिस्टर झाला, आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. वैदिक वाङ्मयाला तेव्हा तरी कुठला भाव होता? परत येऊन त्याने 1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि पुढे तो देशाचा कृषिमंत्री झाला. एका पंजाबरावांवरून नियम काढता येत नाही, आणि आवडवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण बॅरिस्टरी त्यांनी सोबत ठेवली होती. तुरीचं तास त्यांच्याही रानात होतं.

त्या बापाला मी ब्रँच सांगितली नाही. यादीतल्या दोन कॉलेजांत स्वतः जाऊन ये म्हटलं, आणि फक्त एवढं विचार की पहिल्या वर्षाला गणित कोण शिकवतं, त्यांचं नाव काय, ते किती वर्षांपासून तिथे आहेत. तो गेला. चार दिवसांनी पावसाच्या आदल्या संध्याकाळी परत आला, पाय धुळीने भरलेले, कारण वाटेत शेत पाहून आला होता.

"सर, बिल्डिंग मोठी हाय. लिफ्ट हाय. फीचा कागद लगेच देल्ला." टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "गनिताच्या मास्तरचं नाव मात्र कोनी सांगून नाई राह्यलं. म्हने, ॲडमिशन झाल्यावर ठरते."

"आणि दुसरीकडे?"

"तिथं सांगतलं. बाई हाय एक. सतरा वर्षांपासून हाय म्हने. पन तिथं कॉम्प्युटर नाई, नुसतं इलेक्ट्रिकल हाय." मग थोडा वेळ थांबून, दाराबाहेर भरून आलेल्या आभाळाकडे बघत त्याने विचारलं, "इलेक्ट्रिकलले भाव नाई ना सर?"